हात आवरा, कान उघडा

मोर्स-कीला कुणी हात लावायचा नाही. हेडफोनही काढून ठेवा. आज सराव होणार नाही. आज मी बोलणार आहे, आणि मधे कुणी बोललेलं मला चालणार नाही.

काल मी जिन्यात उभी राहून तुमचा वाद ऐकला. खाली नवी पेठ नेहमीसारखी तुडुंब. दुकानांपुढे दुचाक्यांची दाटी, हॉर्न, गिऱ्हाइकांना बोलावणाऱ्या आरोळ्या, आणि त्या सगळ्याच्या वर तुमचे आवाज. कोच पद्धत खरी का फार्न्सवर्थ? ई, आय, एस, एच असं सोप्याकडून अवघडाकडे जावं, का के आणि एमपासून सुरुवात करावी? आधी घ्यायला शिकावं, का आधी पाठवायला? स्ट्रेट की वापरावी का पॅडल? संध्याकाळ सरली. तेवढ्या वेळात ऑसिलेटर कुणी चालू केला नाही, आणि एकाच्याही वहीत एक ओळ उतरलेली नव्हती.

पद्धतीवर वाद घालायला माझी ना नाही. तारेच्या जमान्यापासून माणसं यावर भांडत आली आहेत आणि त्या भांडणांतून पुष्कळ शहाणपण निघालं आहे. पण ती भांडणारी माणसं रोज कान लावून बसणारी होती. तुमचा वाद सराव टाळण्यासाठी होता. ते मला जिन्यातच कळलं.

आधी नव्यांना सांगते. गणपतीत तुम्ही तक्त्यावरून सुरुवात केली होती. दिवाळीत कुणीतरी सांगितलं की तक्ता वाईट, म्हणून कोचकडे गेलात. दहा-बारा अक्षरं झाली, कंटाळा आला, मग मोबाइलवरचं चित्रांचं अ‍ॅप आलं. आता म्हणता, गड्ड्याची जत्रा होऊ दे, मग फार्न्सवर्थनं नव्यानं सुरू करू. एक ना धड, भाराभर चिंध्या. यातली कोणतीही एक पद्धत घेऊन रोज अर्धा तास बसला असता, तर आज तुमच्या वहीत वाक्यं दिसली असती.

ज्या पद्धतींची नावं तुम्ही एकमेकांच्या अंगावर फेकत होता, त्या मुळात काय सांगतात ते तरी नीट समजून घ्या.

तक्ता म्हणजे टिंब आणि रेघ. के म्हणजे रेघ-टिंब-रेघ असं चित्र डोळ्यांपुढे आणायचं, कानावर पडलेलं त्याच्याशी ताडून बघायचं आणि मग लिहायचं. मिनिटाला पाच शब्दांच्या वेगापर्यंत हे निभतं. दहाच्या आसपास भिंत लागते, कारण ताडून होईपर्यंत पुढची दोन अक्षरं निघून गेलेली असतात. मग शिकलेलं पुसून पुन्हा शिकावं लागतं आणि पुसायला शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागतात. अक्षराला एखादा शब्द चिकटवून लक्षात ठेवायच्या युक्त्याही याच जातीच्या. त्या पहिल्या आठवड्यात मदत करतात आणि पुढे वर्षभर पायात येतात. या खोलीच्या भिंतीवर तक्ता का नाही, हे तुम्ही मला विचारलं होतं. हे त्याचं उत्तर. के म्हणजे डा-डि-डा, एवढंच. तबला शिकणारा पोरगा बोल तोंडानं म्हणतो आणि तो नाद अंगात मुरवतो. कुठल्या बोटानं किती वेळा मारलं याची बेरीज तो करत बसत नाही. तुम्हालाही अक्षर तसंच, एका नादासारखं, अख्खं ऐकू यायला हवं.

लुडविग कोच हा जर्मन मानसशास्त्रज्ञ. १९३० च्या दशकात त्यानं हेच प्रयोग करून पाहिलं. त्याचा निष्कर्ष असा की अक्षर पहिल्या दिवसापासून पुऱ्या वेगानं ऐकवा, पण दोनच अक्षरं ऐकवा. ती शंभरात नव्वद वेळा बरोबर उतरली की तिसरं द्या. पुन्हा नव्वद गाठले की चौथं. त्याच्या शिष्यांनी चौदा तासांच्या आसपासच्या शिक्षणात मिनिटाला बारा शब्दांचा वेग गाठला असं सांगितलं जातं. तुम्ही त्यातला चौदाचा आकडा तेवढा उचललात. नव्वदाची अट कुणी पाळली? साठ टक्के बरोबर येत असताना तुम्ही पुढचं अक्षर घेतलं, मग त्याच्या पुढचं, आणि शेवटी पद्धत खोटी म्हणून मोकळे झालात. अट मोडायची आणि दोष कोचला द्यायचा, हे मी चालू देणार नाही.

फार्न्सवर्थच्या नावानं जी पद्धत चालते ती सांगते की अक्षर वेगात असू द्या, पण दोन अक्षरांच्या आणि दोन शब्दांच्या मधली जागा वाढवा. शिकणाऱ्याला ओळखायला आणि लिहायला सवड मिळते, नाद मात्र मोडत नाही. कान तयार होईल तशी ती जागा कमी करत न्यायची. आता मला सांगा, या दोघांत भांडण कुठं आहे? अक्षरं कोणत्या क्रमानं आणि किती किती घ्यायची, ते कोच सांगतो. त्यांच्यामधली जागा किती ठेवायची, ते फार्न्सवर्थ सांगतो. दोन वेगळ्या प्रश्नांची ही दोन उत्तरं आहेत. दोन्ही एकाच वेळी पाळता येतात आणि जगभरचे शहाणे शिक्षक तसंच करतात. तुम्ही मात्र काल यावरून दोन तट पाडलेत.

खरा विचार करण्यासारखा प्रश्न एकच होता आणि तो कुणीही काढला नाही. आपल्या जनरल ग्रेडच्या परीक्षेचा वेग मिनिटाला आठ शब्दांचा आहे. आठच्या वेगात डिट असतो १५० मिलिसेकंदांचा आणि डा ४५० चा. क्यू हे एकच अक्षर जवळजवळ दोन सेकंद खातं. वीसच्या वेगात तेच अक्षर पाऊण सेकंदात संपतं. दोन सेकंद हाताशी असले की मन मोजायला लागतं: डा, डा, डिट, डा, म्हणजे काय बरं? पाऊण सेकंदात मोजता येत नाही, म्हणून नाद ऐकावाच लागतो. तेव्हा परीक्षा आठची आहे म्हणून आठच्याच अक्षरानं शिकलात, तर परीक्षा कदाचित पास व्हाल, पण बँडवर उभे राहू शकणार नाही. आणि नुसत्या वीसच्या अक्षरावर कान तयार केलात, तर परीक्षेत ताणलेलं अक्षर आल्यावर गोंधळाल. म्हणून या वर्गाचा नियम असा: अक्षर अठरा ते वीसच्या वेगाचं, जागा एवढी मोठी की एकूण वेग आठच्या आत राहील. परीक्षेआधीचा शेवटचा महिना खऱ्या आठच्या ताणलेल्या अक्षरांसाठी राखून ठेवायचा. हा नियम मी ठरवला आहे आणि त्यावर पुन्हा चर्चा होणार नाही.

तुमच्यातल्या दोघा-तिघांनी मला येऊन सांगितलं की महिनाभर वेग वाढत नाही, म्हणजे पद्धत चुकली असणार. चुकलेलं काही नाही. ब्रायन आणि हार्टर या दोन अमेरिकी संशोधकांनी १८९७ आणि १८९९ मध्ये तार शिकणाऱ्यांवर अभ्यास करून आलेख काढले. पाठवण्याचा वेग भराभर वर जातो. घेण्याचा वेग मागं राहतो आणि मधेच आठवडेच्या आठवडे एका पातळीवर अडून बसतो. सराव चालू असतो, आकडा हलत नाही. मग एके दिवशी तो एकदम चढतो, कारण तोवर आत अक्षरांचे शब्द जुळत आलेले असतात. पुष्कळ जण नेमके त्या पठारावर सोडून जातात. तुम्हीही आत्ता तिथंच आहात. तिथं पद्धत बदलणं म्हणजे चढणीच्या तोंडाशी येऊन माघारी फिरणं. सांगून ठेवते, पठारावर असताना या वर्गात कुणालाही पद्धत बदलता येणार नाही.

आणि घेताना जे चाललं आहे तेही सुधारा. एक अक्षर सुटलं की तुम्ही थांबता, वर बघता, आठवायला लागता. तेवढ्यात पुढची चार जातात. परीक्षेत साध्या इंग्रजीतला दोनशे अक्षरांचा उतारा पाच मिनिटांत घ्यायचा असतो. आकडे आणि विरामचिन्हं दोन-दोन अक्षरांच्या बरोबरीची धरतात. संधी एकच, आणि पाचाहून जास्त चुका झाल्या की नापास. सुटलेलं अक्षर ही एकच चूक. तिच्या शोकात बसलात की पाच. जागा सोडा, रेघ मारा, पुढं चला. तसंच टी-एच ऐकलं की ई लिहून मोकळं व्हायचं, ही अंदाजाची खोड ज्यांचं इंग्रजी चांगलं आहे त्यांना जास्त आहे. मराठी माध्यमातून आलेली पोरं इथं उजवी ठरतात, कारण ती ऐकतात तेवढंच लिहितात. त्यांनी इंग्रजी कच्चं म्हणून खाली मान घालायचं कारण नाही.

खालच्या रस्त्याच्या आवाजात सराव होत नाही, ही तक्रारही मी पुष्कळदा ऐकली. खिडकी बंद करणार नाही. चाळीस मीटरचा बँड रात्री उघडून ऐका. एलईडीचे दिवे, इन्व्हर्टर, मोटारी, शेजारची स्टेशनं, सगळं एकमेकांत मिसळून येतं आणि त्यातून एक बारीक सूर धरून ठेवायचा असतो. नवी पेठेच्या गोंगाटात जो कान तयार होईल, तो तिथं उपयोगी पडेल. शांत खोलीत तयार झालेला कान पहिल्याच रात्री हार मानेल.

आता परवाना मिळालेल्यांकडे वळते. तुमचा अपराध मोठा आहे म्हणून तुम्हाला मागं ठेवलं होतं.

परवा सकाळी मी बँड ऐकत होते. कुणीतरी सीक्यू देत होतं. सहा-सात शब्दांचा वेग. हात नवा आहे हे कळत होतं, पण अक्षर न् अक्षर सुटं आणि स्वच्छ. त्या माणसानं महिनोन् महिने कान लावून, परीक्षा देऊन, परवान्याची वाट बघून ती हाक मारली असणार. तुमच्यापैकी एकानं तिला उत्तर दिलं. नाव घेत नाही. ज्याला कळायचं त्याला कळलं आहे. उत्तर गेलं पॅडलवरून, बावीस-चोवीसच्या वेगानं. पलीकडून प्रश्नचिन्ह आलं. पुन्हा त्याच वेगानं तीच कॉलसाइन. पलीकडून क्यूआरएस आलं, म्हणजे सावकाश पाठवा. आपल्या व्यवहारात याहून साधी विनंती नाही. वेग तसूभर कमी झाला नाही. त्यानंतर ती फ्रिक्वेन्सी रिकामी झाली. हाक मारणारा पुन्हा आला नाही.

तुम्हाला वेग येतो हे कुणाला दाखवायचं होतं? ज्यानं हाक मारली त्याच्याच वेगानं, जमलं तर थोडं सावकाश, उत्तर द्यायचं, हा या छंदातला सगळ्यात जुना शिष्टाचार आहे. तो मोडणारा कितीही वेगात पाठवत असला तरी माझ्या हिशेबी ऑपरेटर नाही. एका नवशिक्याला तुम्ही गप्प केलंत. असे दहा जण गप्प झाले की या देशात मोर्सवर बोलायला तुम्हाला माणूस उरणार नाही, कारण आपल्याकडे मुळात ही माणसं थोडी आहेत.

तुमच्या स्टाइलबद्दलही बोलायचं आहे. डा मुद्दाम लांबवायचा, डिट फटकारायचे, शब्द एकमेकांना चिकटवायचे आणि त्याला ‘माझा हात’ म्हणायचं, हे कुठून शिकलात ते मला ठाऊक आहे. व्हायब्रोप्लेक्ससारख्या अर्धस्वयंचलित कीवर डिट आपोआप पडत आणि डा हातानं द्यावा लागे, त्यामुळं जुन्या ऑपरेटरांच्या पाठवण्यात एक झोका आला. त्यांची रेकॉर्डिंगं तुम्ही ऐकलीत आणि झोका तेवढा उचललात. त्यांच्यामागची वीस-तीस वर्षांची नोकरी कुठून आणणार? प्रत्येकाचा हात वेगळा असतो हे खरं आहे. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे निरोप ऐकत बसणारे लोक नुसत्या हातावरून पलीकडचा ऑपरेटर ओळखत. कॉलसाइन बदलली तरी तो माणूस लपत नसे. पण त्या ऑपरेटरांनी आपला हात ओळखू यावा म्हणून काही केलं नव्हतं. ते शक्य तितकं सरळ पाठवत होते आणि तरी जे उरलं तो त्यांचा हात. तुम्ही सरळ पाठवायला शिकण्याआधीच वाकडं पाठवायला शिकलात.

आणि सरळ म्हणजे काय, यात मताला जागा नाही. डिट एक मात्रा. डा तीन मात्रा. अक्षराच्या आतली जागा एक, दोन अक्षरांमधली तीन, दोन शब्दांमधली सात. डिट आणि डा तुम्ही कसेबसे सांभाळता. जागा तुम्ही खाता. जागा हा अक्षराचाच भाग आहे, हे अजून तुमच्या डोक्यात शिरलेलं नाही. ए आणि एन चिकटले की ऐकणाऱ्याला पी मिळतो. आय आणि एन चिकटले की एफ. एस आणि टी चिकटले की व्ही. एम आणि ई चिकटले की जी. तुमच्या मनात ‘मी’ असतं, पलीकडे भलतंच उतरतं. उलट बाजूनंही तसंच. सीच्या मधोमध हात अडखळला की त्याचे दोन एन होतात, क्यूच्या मधोमध अडखळला की एम आणि ए. तुमच्यापैकी तिघांची सीक्यू मला ‘एनएनएमए’ अशी ऐकू येते आणि तुम्ही तक्रार करता की कुणी उत्तर देत नाही.

आपल्या कॉलसाइनचंच बघा. व्हीयूमधल्या व्हीचे तीन डिट आणि एक डा. घाईत एक डिट जास्त पडला की त्याचा चार होतो, आणि फोर-यू ही खूण संयुक्त राष्ट्रांची आहे. एक डिट कमी पडला की यूयू होतं, ते युक्रेनकडे जातं. दोनाच्या आकड्यातला पहिला डा तोकडा पडून डिट झाला की व्हीयू-टूचं व्हीयू-थ्री होतं, म्हणजे तुम्ही दुसऱ्याच कुणाची तरी कॉलसाइन हवेत सोडलीत. एका डिटनं देश बदलतो. आणि तुम्ही मला सांगता की स्टाइल आहे.

पॅडलवाल्यांना वेगळं सांगते. पॅडलमागचा कीअर डिट आणि डा मापून देतो, म्हणून तुम्हाला वाटतं की आपलं पाठवणं शुद्ध झालं. त्यानं मात्रा दिल्या. अक्षरांमधल्या जागा अजूनही तुमच्याच हातात आहेत आणि त्या तशाच खाल्लेल्या आहेत. मशीनसारखे डिट आणि मधे जागाच नाही, हे ऐकायला स्ट्रेट कीच्या ओबडधोबड पाठवण्यापेक्षाही कठीण जातं. परीक्षेत पाठवायचं असतं ते स्ट्रेट कीवर. पॅडल वाईट नाही. लांब गप्पांना, स्पर्धांना तेच बरं. पण स्ट्रेट कीवर ज्याला मात्रा कळली नाही, त्यानं पॅडलला हात लावू नये असं माझं मत आहे, आणि या खोलीत माझं मत चालतं.

बसण्याची पद्धतही सुधारा. की टेबलाला घट्ट बसवलेली हवी. ती सरकते म्हणून डाव्या हातानं धरून पाठवणारे दोघं मी पाहिले. गुंडी अंगठा आणि दोन बोटांनी हलकी धरायची, मनगट सैल, हालचाल मनगटातून. बोटाच्या टोकानं टकटक करू नका. स्प्रिंग इतकी कडक नको की दंड भरून येईल आणि इतकी ढिली नको की डिट आपसूक उमटतील. कॉन्टॅक्टमधली फट आपल्या हाताप्रमाणे लावून घ्या आणि मग रोज तिच्याशी खेळत बसू नका. चुकीच्या पकडीनं वर्षानुवर्षं पाठवणाऱ्या तारवाल्यांच्या हातात पेटके येत, बोटं ऐकेनाशी होत. इंग्लंडमध्ये १९०८ साली तो आजार कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यात घालावा लागला होता. ही हौस आयुष्यभराची आहे. हात जपा.

चूक झाली की आठ डिट देऊन शब्द पुन्हा पाठवायचा. तुम्ही चूक गिळून पुढं जाता. समजा निरोप औषधाच्या बाटल्यांचा आहे आणि तुमच्या पाचात एक डिट कमी पडला. पलीकडे एच उतरला. विचारायला तो पुन्हा येईलच असं नाही, सिग्नल बुडालेला असू शकतो. किल्लारीच्या भूकंपानंतर, २००१ मध्ये भुजला, २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानात हौशी रेडिओवाले कामाला आले. तसा दिवस उजाडला तर आधी कुणाचं पाठवणं शोभिवंत आहे हे कुणी विचारणार नाही. निरोप एका दमात, जसाच्या तसा उतरला का, एवढंच विचारतील. १८६० मध्ये सोलापूरला रेल्वे आली. तेव्हापासून तारेवर बसलेल्या माणसाची परीक्षा हीच होती: पलीकडच्यानं परत न विचारता बरोबर लिहून घेतलं का? तुमची परीक्षाही तीच.

आता कुणी म्हणेल, हवं कशाला हे सगळं? तुम्ही म्हणतही होता, मी ऐकलं. त्याला सरळ उत्तर देते. सक्ती जवळजवळ संपली आहे. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांतून मोर्सची अट निघाली, २००७ मध्ये अमेरिकेनंही काढली. आपल्याकडची तार १५ जुलै २०१३ पासून बंद आहे आणि तारखात्यातला मोर्स त्याच्या खूप आधीच टेलिप्रिंटरला जागा देऊन गेला होता. या विद्येवर आज कुणाचंही पोट चालत नाही. आपल्याकडे रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागतच नाही. ज्याला आवाजानं बोलायचं आहे, उपग्रहावर प्रयोग करायचे आहेत, त्यानं खुशाल रिस्ट्रिक्टेड घ्यावं. व्हीयू-थ्री म्हणजे कमीपणा, असं या खोलीत कुणी म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही. पण जनरलचा फॉर्म भरायचा, मोर्सच्या वर्गात नाव घालायचं आणि मग मोर्सची टिंगल करत संध्याकाळ घालवायची, हे दोन्ही एकदम होणार नाही.

ज्यांना हवं आहे त्यांना कारणंही पुष्कळ आहेत. घरी बसून, मूठभर भागांतून जोडलेल्या दोन-चार वॅटच्या ट्रान्समीटरनं हजारो किलोमीटरवर निरोप जातो. आवाजाला जिथं अडीच-तीन हजार हर्ट्झची रुंदी लागते, तिथं मोर्सचं काम शे-दोनशेत भागतं, म्हणून आवाज बुडतो तेव्हाही हा सूर वर राहतो. मशीनही तो वाचतं, कबूल आहे. पण गोंगाटात बुडालेल्या, थरथरत्या हाताच्या सिग्नलपुढे ती अ‍ॅपं हात टेकतात आणि तयार कान ते उतरवून घेतो. हा कान पुस्तकातून किंवा यंत्रातून येत नाही. तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो. सरकारनं सोडलं, रेल्वेनं सोडलं, जहाजांनी सोडलं. ठेवायचं असेल तर आता आपणच ठेवायचं, आणि म्हणून तुमच्या आळसाचा मला एवढा राग येतो.

उद्यापासून असं होईल. नव्यांनी कोचच्या क्रमानं जिथं नव्वद टक्के येतात तिथून सुरू करायचं, मग ती चारच अक्षरं का असेनात. सगळी अक्षरं ओळखू येईपर्यंत कीला हात लावायचा नाही, कारण कानाला जे ठाऊक नाही ते हात बरोबर पाठवू शकत नाही. रोज अर्धा तास, जत्रा असो वा लग्न. ज्यांची अक्षरं पुरी झाली आहेत त्यांनी रोज पाच मिनिटांचं पाठवणं मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, आठवडा ठेवायचं आणि मग स्वतः उतरवून घ्यायचं. स्वतःचंच पाठवलेलं स्वतःला उतरवता येत नाही, हे कळल्यावर स्टाइलचा विषय निघणार नाही. ती फाइल दुसऱ्यालाही द्यायची आणि त्यानं उतरवलेला कागद माझ्याकडे आणायचा. परवानाधारकांची पॅडल्स पुढच्या परीक्षेपर्यंत घरी राहतील. ज्यानं परवा त्या नव्या स्टेशनला गप्प केलं, त्यानं कॉलसाइन टिपली असेल. नसेल तर माझ्याकडे आहे. त्याला पत्र लिही, माफी माग, वेळ ठरव आणि त्याच्या वेगानं, सहाच्या असेल तर सहाच्या, पुरा क्यूएसओ, म्हणजे संपर्क, कर. लॉगमधली ती नोंद मला दाखवायची.

ज्यांना रिस्ट्रिक्टेडकडे वळायचं आहे त्यांनी फॉर्म आत्ताच घेऊन जा. बाकीच्यांनी उद्या सातला या. सात वाजून पाच मिनिटांनी दार बंद होईल.